फुमी-सानचं मराठी

सर्व वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, सदर निवेदन करणारी बाई पूर्ण शुद्धीत असून तिने आयुष्यात एकही भूत पाहिलेलं नाही. हॉस्टेलच्या मुलींना घाबरवायला एकदा पांढरी चादर पांघरून स्वतः भूत झाले होते, तेवढाच काय तो संबंध. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आत्ता हसून घ्या... पुढे मलाच हसू येत नाही.

मोठ्या भूकंपानंतर तिसऱ्या वर्षीची गोष्ट. जपानच्या उत्तरेला, समुद्रापासून तासाभराच्या रस्त्यावर डोंगरातलं एक लहानसं गाव. आमचे हे तिथल्या भात संशोधन केंद्रात होते. शेजारी किकुची-सान – पंचाहत्तरीच्या घरातले, एकटे. किनाऱ्यावरचं त्यांचं घर त्सुनामीत गेलं आणि बायकोही, फुमी-सान. त्या सापडल्याच नाहीत. आता या भाड्याच्या घरात त्यांचा फोटो, आणि फोटोपुढे रोज भाताची वाटी.

थंडी सुरू झाली की किकुची-सान पर्सिमॉनची फळं सोलून, दोरीला बांधून वळचणीला वाळत घालत. जपानीत या फळाला ‘काकी’ म्हणतात. मी सासूबाईंना फोनवर उत्साहाने सांगितलं, "शेजाऱ्यांनी आज सगळ्या काकी सोलून टांगल्या!" पलीकडून घाबरा आवाज आला, "अगं, कुणाच्या?"

दुपारचा चहा माझा त्यांच्याकडेच. निघताना ‘जाते’ म्हणायला जीभ काही वळेना, म्हणून मी जपानीतही शब्दशः ‘येते’च म्हणायची.

ते हैराण. "वहिनी, तुम्ही तर जाताय!"

"आमच्यात ‘जाते’ म्हणत नाहीत हो. ‘येते हं’ म्हणायचं. मग घरातल्यांनी म्हणायचं, ‘या’."

त्यांना ते फार आवडलं. त्यांच्याकडेही बाहेर पडणारा म्हणतो ‘जाऊन येतो’ आणि घरातला म्हणतो ‘जाऊन ये’. सांगता सांगता त्यांनी कप खाली ठेवला.

"त्या दिवशीही फुमी म्हणाली होती. माझ्या तोंडात भात होता. गिळेपर्यंत दार लागलं."

मी उठून त्यांचा कप भरला. (अशी घटना दुर्मिळ – आमच्या ह्यांना विचारा.)

"माझं उत्तर राहिलं," ते म्हणाले. "आणि आता इथला पत्ता तिला माहीत नाही."

तेव्हापासून त्यांनी मराठी मनावर घेतलं. मोठ्यांना ‘या’, आपल्या माणसाला ‘ये’, आणि ‘गं’ फक्त बाईमाणसाला – किती घोकून घेतलं! तरी आमचे हे दिसले की लांबून हात हलवून, "ये गं!" आणि मांजराला मात्र अदबीने, "या." हे लाजून लाल. सकाळी खिडकी उघडली की पलीकडून ऐकू यायचं – ते फोटोलाही शिकवत बसलेले. "फुमी, म्हण. ये-ते-हान्." जपानी जिभेवर ‘हं’चा ‘हान्’ व्हायचा.

मी मुद्दाम विचारायची, "काय म्हणते विद्यार्थिनी?"

"अभ्यासच करत नाही. शाळेतही अशीच होती."

डिसेंबर लागला, पहिला बर्फ पडला, आणि ह्यांना योकोहामाला नोकरी लागली. निघालो ती लख्ख दुपार होती. सामान पुढे गेलेलं, टॅक्सी उभी. किकुची-सान दाराच्या पायरीवर. त्यांनी माझ्या हातात वाळलेल्या काकींची माळ दिली, मी त्यांच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला. त्यांनी तो अख्खाच तोंडात घातला... बोलावं लागू नये म्हणून असेल.

आता मी ‘येते हं’ म्हणायचं. पण एरवी दगडालाही बोलतं करणारी मी, माळेच्या गाठीच मोजत राहिले.

तेव्हा घराच्या आतून आवाज आला. म्हाताऱ्या बाईचा, बारीक, धाप लागलेला – डोंगर चढून आल्यासारखा.

"येते हान्..."

शेवटी तो जपानी ‘न्’ सुद्धा. मी स्पष्ट ऐकला.

आमचे हे शास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं, रॉकेल विकत फिरणाऱ्या गाडीचा भोंगा असेल, गावातला लाउडस्पीकर असेल, नाहीतर तूच पुटपुटली असशील. मग मी विचारते, "अहो, मी तर तुमच्या शेजारी उभी होते. तुम्ही घराकडे का वळून पाहिलंत?" यावर ते चष्मा पुसत बसतात. घरात कुणी नव्हतं, टीव्ही बंद होता, आणि त्या अख्ख्या गावात मराठी बोलणारी आम्ही दोघंच. ते ‘येते’ निघण्याचं होतं की पोचण्याचं, हेसुद्धा मला आजवर कळलेलं नाही.

किकुची-सान मात्र क्षणभरही थांबले नाहीत. लाडू टाळूला चिकटलेला, गाल फुगलेले. या वेळी गिळायची वाट न बघता त्यांनी तो सगळाच्या सगळा बर्फावर थुंकून टाकला, आत वळले आणि ओरडले –

"ये गं!"