कारण: सैल

बाबा तळोज्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं स्टोअरकीपर होते. निवृत्त झाले, पुढे आई गेली, आणि ते नावड्याला आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आले ते आपलं स्टोअर बरोबर घेऊनच. आठवड्याभरात त्यांनी माझा दिवाण उपसला. नको असलेले कपडे मी त्यात कोंबून ठेवायचे, बोहारीण आली की ओढून काढायचे आणि बदल्यात भांडं घ्यायचे. एवढीच माझी पद्धत. त्यांना ती बघवेना.

मग प्रत्येक कपडा धुऊन, इस्त्री करून, तुटकं बटण लावून दिवाणात जाऊ लागला. वर टाचणीने चिठ्ठी. "शर्ट, नातवाचा. बटणे पूर्ण. कारण: आखूड." "साडी. काठ चांगला. कारण: मन उडाले." ही साडी माझी. कारण मी वैतागून सांगितलं होतं, त्यांनी ते जसंच्या तसं उतरवलं. कारणाशिवाय स्टोअरमधून माल हलत नाही म्हणायचे.

मला हसू यायचं आणि डोकंही फिरायचं. वाशीच्या ऑफिसातून जीव मेटाकुटीला येऊन घरी यावं, तर सोफ्यावर घड्यांची चळत. बसायला जागा नाही.

"बाबा, बोहारीण काय चिठ्ठ्या वाचणार आहे?"

"तिच्यासाठी नाहीत गं. काय जातंय आणि का जातंय, ते घरातल्या माणसाला कळायला हवं."

घरातलं माणूस म्हणजे मी. सुरुवातीच्या चार-दोन चिठ्ठ्या मी गंमत म्हणून वाचल्या, पुढे सोडून दिल्या.

एका रविवारी बोहारीण आली. मला पिठासाठी मोठा स्टीलचा डबा हवा होता. मी घाईघाईने गठ्ठा काढला, टाचण्या उपसून डबीत टाकल्या आणि चिठ्ठ्या कचऱ्यात. त्यात बाबांच्या चार पँटी होत्या. बाईने एकेकीची कंबर दोन्ही हातांनी ताणून बघितली, उजेडात धरली.

"ताई, पँटी तर नव्यावानी हायेत. कुटं घासली पन नाय. घालनारा बारीक झाला काय?"

मला वाटलं, बोलण्यात गुंतवून लहान डबा गळ्यात मारतेय. या बायका काही कमी नसतात.

"म्हातारं माणूस आहे, बारीक होणारच. तू झाकणाचा मोठा डबा काढ."

बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. त्यांनी ऐकलं असणारच. ते उठून आले, बाईने विस्कटलेल्या चारही पँटींच्या पुन्हा घड्या घातल्या आणि तिच्या हातात दिल्या. डबा मिळाल्याच्या आनंदात मी दिवसभर होते. बहिणीला फोन करून सांगितलंसुद्धा.

पाच महिन्यांनी आम्ही डॉक्टरांसमोर बसलो होतो. रिपोर्ट टेबलावर होते. वजन कधीपासून उतरतंय, असं त्यांनी विचारलं.

"तसं काही जाणवलं नाही," मी म्हणाले.

"निळी पँट काढली तेव्हापासून," बाबा शांतपणे म्हणाले.

मी तिथेच, डॉक्टरांदेखत, त्यांच्यावर ओरडले. "मग बोलला का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे गोंधळून बघितलं. "लिहिलं होतं की."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते, भांडायला मी पटाईत आहे. या माणसाने तीस वर्षं कार्डावर लिहिलं होतं आणि वरच्या कुणीतरी ते वाचलं होतं. लिहिलं म्हणजे सांगितलं, असाच त्यांचा हिशेब. निळी, काळी, मातकट आणि पुन्हा एक काळी. चार चिठ्ठ्या मी न वाचता कचऱ्यात टाकल्या होत्या. आधी आला असतात तर बरं झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य माझ्या छातीवर अजून आहे.

त्यानंतर एका संध्याकाळी मी त्या डब्यातून पीठ काढत होते. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हातात राखाडी पँट.

"ही पण सैल झाली बरं का," ते म्हणाले. साहेबांना कळवावं तसं, सरळ उभं राहून.

"हो बाबा," मी म्हणाले आणि कणीक मळायला घेतली. त्यांच्याकडे बघितलं असतं तर रडले असते.

चैत्रात बाबा गेले. महिन्याभराने मी दिवाण उघडला. आत एकच कपडा होता, इस्त्री केलेला. या वेळी मी चिठ्ठी वाचली.

"पँट, राखाडी. चेन चालू. कारण: सैल. मुलीला सांगितले."