रिकामं जिम

लेकीच्या शाळेतल्या जिममध्ये नव्या रबरी बॉलचा वास आला आणि मला कित्येक वर्षांपूर्वीचं ते रिकामं जिम आठवलं.

तेव्हा मी न्यूयॉर्कच्या उत्तरेला, मोहॉक या मूळ अमेरिकन जमातीच्या वस्तीत, मुलांसाठी खेळांचा प्रोग्रॅम सुरू करत होते. पहिल्या दिवशी कोरे करकरीत बॉल मांडून बसले, पण एकही मूल फिरकलं नाही. घड्याळाकडे बघवत नव्हतं. मी परकी, म्हणून घरच्यांनी पाठवलं नसेल का?

शेवटी तिथलीच माझी सहकारी डोरीन धापा टाकत दारात आली.

“इथे काय करतेयस? पलीकडचे आजोबा गेले. आज कुणी खेळणार नाही. मुलं त्यांच्या घरी, येणाऱ्यांच्या स्वयंपाकासाठी चुलीची लाकडं रचतायत.”

“म्हणजे प्रोग्रॅम कॅन्सल?” मी घाबरत विचारलं.

“मुलं कधीची विचारतायत,” ती म्हणाली, “नवी कोच अजून मदतीला कशी आली नाही?”