खुटबावच्या अंगणातले सावकाश चार्जिंग

साठी उलटल्यावर प्रथमच लिहायला बसले आहे. हे धाडसच, त्याबद्दल आधी क्षमा असावी. शिरूरच्या शाळेत मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवले, इतरांची उत्तरे तपासली. स्वतः मात्र एक उत्तर जाणूनबुजून चुकीचे दिले— आणि ते आजवर कोणालाही सांगितलेले नाही.

निवृत्तीनंतर आम्ही छोटी इलेक्ट्रिक गाडी घेतली. माझे माहेर खुटबावचे. पूर्वी पेट्रोलच्या गाडीने गेलो, की जेवून हात धुताच आमच्या यांचे सुरू— "चला, निघू या." तासाभरात धाकट्या भावाशी, बबनशी काय बोलायचे आणि भावजयीशी काय? नव्या गाडीचे चार्जिंग निम्म्यावर आले, की हे दर दोन मिनिटांनी आकडा बघत. म्हणून हे म्हणाले, परतताना चौफुल्याजवळ फास्ट चार्जरवर झटपट भरून घेऊ.

तेव्हा मी काय म्हणाले असेन?

"अहो, घाईने भरलेली वीज घाईनेच संपते. गाडी कमी पळेल. बबनकडे साध्या प्लगवर सावकाश भरू."

शुद्ध खोटे! गाडी किती पळणार, हे वीज किती भरली यावर ठरते. किती वेगाने भरली यावर नाही. मला हे ठाऊक नव्हते? होते. पण यांनी विश्वास ठेवला— शिक्षिकेवर.

आणि मग ते रविवार! गोठ्याजवळच्या प्लगला गाडी, लिंबाखाली बाजेवर हे, ओसरीवर आम्ही नणंद-भावजय हसून हसून बेजार. हे उठू लागले, की बबन ओरडे, "दाजी, गाडीचं पोट भरल्याबिगर हलायचं न्हाई! तवर तुम्हीबी अजून एक भाकर घ्या." पुढे पुढे दोघे पत्ते कुटू लागले, डावावरून भांडू लागले. माझे माहेर यांचेही झाले.

इथवरचे गंमत म्हणून खपलेही असते. पण—

बबनच्या मुलीच्या साखरपुड्यात यांनी भरल्या मांडवात माझे ते तत्त्व ऐटीत सांगितले. आमचे जावई नम्रपणे म्हणाले, "बाबा, तसं नसतं हो. रोजच फास्ट चार्जिंग केलं तर बॅटरी काही वर्षांनी जरा लवकर थकेल, एवढंच." लोक हसले. हे माझ्याकडे वळले— "अगं, तूच सांगितलंस ना?"

आणि मी— मी म्हणाले, "मी? मी कशाला असं सांगेन?"

"दाजी, बाईंच्या घरात ऱ्हाऊन नापास व्हय!" कोणीतरी ओरडले. मांडव पुन्हा हसला. यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल."

पुढच्या रविवारी पुन्हा माहेरी निघालो. चौफुल्याचा फास्ट चार्जर आला— आणि मागे पडला. खुटबावला यांनी स्वतः गोठ्याजवळ प्लग लावला, बाज ओढली आणि हाक मारली, "बबनराव, पत्ते काढा!" त्या दिवशी मी किती आनंदात होते— आणि किती शरमेत!

खोटे माझे, आणि ते झाकण्यासाठी चारचौघांत त्यांना खोटे पाडले, तेही मीच. याला कारण जोडणार नाही. येत्या रविवारी लेक, जावई, बबन, सारेच एका पंगतीला आहेत. त्याच माणसांसमोर, यांच्याकडे पाहून, मी हे बोलणार आहे. आता एवढेच ठरायचे आहे— ताटे वाढण्याआधी सांगू, की जेवणे झाल्यावर?