विहिरीत माणसं किती मावतात

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, तेव्हाची ही गोष्ट. डोणगावजवळच्या एका शाळेत आम्ही तिघं मास्तर. चौथीचा वर्ग राहणार की मोडणार, हे इन्स्पेक्टर साहेबांच्या तपासणीवर ठरायचं होतं. मोडला तर पोरं कशीबशी मेहकरला गेली असती. पोरींची शाळा मात्र तिथंच संपत होती.

आणि नेमकी तेव्हाच आम्हाला ही अवदसा आठवली! तिघांनी ठरवलं, नुसती घोकंपट्टी पुरे. शनिवारी सगळे वर्ग एकत्र करून बाहेर न्यायचे. हेडमास्तर शेत मोजायला शिकवत, तिसरीचे मास्तर बाजारात वजनमापं दाखवत. शाळेमागं विहीर खणणं चालू होतं, तिच्या काठावर मी पोरांना बसवी. गणित मांडण्याआधी विचारायचं, "हे असं होईल का?" हेच आम्ही त्यांच्या अंगी भिनवलं. पोरं काय खुलली होती म्हणून सांगू!

साहेब आले. पाढ्यांना पोरं अडखळली. मग त्यांनी चौथीतल्या एका पोरीला उभं केलं. आमची सगळ्यात हुशार पोर.

"दहा माणसं वीस दिवसांत विहीर खणतात. वीस माणसं किती दिवसांत खणतील?"

ती विचारात पडली आणि मी मूर्खासारखा खूश झालो.

"साहेब, इहिरीत दहाच मावत नाहीत, तं वीस कुठून उतरतीन? चारच्या वर उतरले का एकमेकाले कुदळ लागते. बाकीच्यायले वरून माती ओढा लागते."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "हा उद्धटपणा कोणी शिकवला हिला?"

"आम्ही तिघांनी," हेडमास्तर म्हणाले.

वर्ग मोडला. आमची तोंडं तीन दिशांना झाली. बदलीत मला जळगाव जामोद मिळालं. इतकी चीड आली होती की त्या पाढ्यांच्या पुस्तकांना काडी लावावी. पण लावून तरी काय होणार होतं? सगळं मुसळ केरात गेलं होतं.

निघताना माझ्या बैलगाडीपाशी ती पोर आली. डोक्यावर शेणाची पाटी होती.

"मास्तर, मंग मी काय सांगाले पायजे होतं?"

मला तिच्याकडं बघवेना. "दहा दिवस," मी म्हणालो.

तिनं पाटी सावरली. "बरं. पुढच्या खेपेले तसंच सांगीन."