आईच्या मशीनचा आवाज

माझं संगीत ऐकून आमच्या गावी, चिखलीत, कुणी मान डोलावल्याचं मला आठवत नाही. लोखंडाचे घाव, भट्टीची घरघर, खोल काळा नाद असं काहीबाही लॅपटॉपवर जुळवून मी पुण्यात कार्यक्रम करतो. बाबांचं भाजीचं दुकान. गिऱ्हाइकानं माझी चौकशी केली की ते सांगायचे, "पुण्याले जिनिंग चालवते पोरगं. कापूस नाही, नुसता आवाज." मला राग यायचा आणि हसूही यायचं, कारण वर्णन अगदीच चुकीचं नव्हतं.

आईची फुप्फुसं निकामी झाली तेव्हा घरात भाड्याची ऑक्सिजनची मशीन आली. ती सतत घुमायची, मधूनच फुस्स करायची. मी शेजारी माइक लावला तर आई हसली. "माह्या मशीनचं गाणं करून राह्यला काय बे?" हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. बाबा नेहमीसारखे हातातलं टाकून पाणी घेऊन धावले. सगळं रेकॉर्ड झालं. पुढे तो खोकला मी संथ केला, ताणला, आणि मशीनच्या घरघरीवर त्याचाच ठेका धरून एक रचना केली. ही कुठल्या कारखान्यातली प्रेस मशीन, असं पुण्यात कार्यक्रमाला आलेल्या मुलांनी विचारलं.

आई गेली, मशीन परत गेली. घरातली शांतता खायला उठायची. बाबांची झोप तर पार उडाली. एका दुपारी तेच म्हणाले, "तू ती मशीन भरून घेतली होती ना? लाव बरं. तिच्याबिगर डोळा लागत नाही."

मूळ रेकॉर्डिंग पुण्यातच राहिलं होतं, लॅपटॉपमध्ये फक्त ती पुरी रचना होती. तीच लावली. घरघर सुरू झाली आणि थोड्या वेळानं बाबा चक्क घोरायला लागले. मला इतकं बरं वाटलं की पुढे काय येणार हेच मी विसरून गेलो.

मग ठेका आला. बाबा ताडकन उठले, माठातून ग्लास भरला आणि आईच्या खाटेपर्यंत पोचले. खाटेवर गादीची वळकटी होती. पुण्यात जो कुणालाच कळला नाही, तो खोकला त्यांना झोपेत कळला होता. मला रडू कोसळलं. मी बंद करायला धावलो.

"राहू दे," ते म्हणाले. "पुन्हा येते काय तो?"

"येतो, बाबा. शेवटी."

ग्लास हातात धरून ते खाटेच्या कडेला बसून राहिले.