आमच्या घरचा घोळणा

आमच्या घरात नाकातून रक्त येणं हे कौतुकाचं काम होतं. कुणाचा घोळणा फुटला की माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, कांदा फोडून नाकाशी धरायचे आणि ऐटीत म्हणायचे, "आपल्याच रगताचा हाय!" पोराचा पहिला घोळणा फुटला की खोडाळ्याच्या बाजारातून गूळ आणून पाडाभर वाटायचा. असला सोहळा मी दुसऱ्या कुठल्या घरी पाहिला नाही. ओठांवरचे लाल ठिपकेही आम्ही मिरवायचो.

माझी मुलगी दहा वर्षांची झाली तरी तिचं नाक कोरडं. मावसभावंडं चिडवायची, "तू दवाखान्यात बदललेली!" मग ती बिचारी नाकात बोट घालून खटपट करायची आणि माझे धपाटे खायची.

सूर्यमाळला शिक्षिका असलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला शाळेचा चढ चढताना दम लागू लागला. आम्ही खापर तिच्या वजनावर फोडलं. नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी तिचे ओठ निरखून विचारलं, "घरात आणखी कुणाचं नाक फुटतं?"

"सगळ्यांचं!" बहीण फुशारकीने म्हणाली.

तिच्या फुप्फुसात दोन रक्तवाहिन्या थेट एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या. यकृतातही तसाच गुंता होता. जांघेतून तार घालून फुप्फुसातली वाट बंद केली, यकृतावर नुसतं लक्ष ठेवायचं ठरलं. बाई म्हणाल्या, दोष रक्तातून उतरतो, दर मुलाला यायची शक्यता निम्मी, आणि लहानपणी नाक फुटलं नाही म्हणून कुणी सुटला असं नाही. म्हणजे इतकी वर्षं आम्ही आजाराचा गूळ वाटत होतो! आबा त्या संध्याकाळी जेवले नाहीत.

माझी आणि मुलीची रक्ततपासणी झाली. निकाल येईपर्यंत मी फार घाबरले होते. मीही शिक्षिकाच; वर्गात पाढे घेताना चुकायचे आणि पोरं खुशाल हसायची.

शेवटी बाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "हिला दोष नाही." मी तिथेच रडले. मुलगीही रडली, पण हुंदके देत म्हणाली, "म्हणजे मी खरंच तुमची नाही?"

मी तिला पोटाशी धरून सांगितलं, "माझीच आहेस गं. दोष मला आहे, तुला नाही."

तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे अगदी हेव्याने पाहिलं.