कोंबड्यांवर घेतलेला आळ

लोंबता दोरा दिसला की शिंपीबुवांचे हात शिवशिवायचे. समोरच्या माणसाच्या बाहीचा दोरा ते न विचारता कापून टाकत, मग तो कपडे शिवायला आलेला असो की नुसता पत्ता विचारायला. ही खोड घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानापुरती राहिली असती तर बरं झालं असतं.

त्यांच्या थोरल्या भावाने मरायच्या आदल्या वर्षी परसातल्या मोठ्या झाडाखाली, गार सावलीत, जंगली लिलीचं बी पेरलं होतं. ही लिली म्हणजे माणसाच्या सबुरीची परीक्षा. पहिलं वर्षभर ती जमिनीखालीच कंद धरते, पुढच्या वर्षी गवतासारखं एकच पातं वर काढते आणि फूल दाखवायला सहा-सात वर्षं लावते. भाऊ गेल्यावरही वहिनी त्या उघड्या वाफ्याला रोज पाणी घालायच्या. लिलीचं पातं दिसतं कसं, हे बुवांनी कधी विचारलं नाही.

बी पेरल्याच्या दुसऱ्या वर्षी वहिनी आठवडाभर बहिणीकडे गेल्या. तेवढ्यात बुवांनी वाफा खुरपून लख्ख केला. वहिनी खूश होतील अशी त्यांची समजूत. उपटलेलं गवत कोपऱ्यातल्या खताच्या ढिगावर टाकताना मात्र त्यांना प्रत्येक पात्याच्या बुडाशी तांदळाएवढा पांढरा कंद दिसला. गवताला असला कंद नसतो, एवढं शिंप्यालाही कळतं. ही तर लिली होती.

तेव्हाच परत लावली असती तर ती रोपं जगली असती. बुवांनी दोन-चार उचललीही. पण फाटक वाजलं, वहिनी पिशवी घेऊन आत आल्या आणि बुवांनी हातातलं सगळं खतात दडपलं.

"भाऊजी, वाफा कुणी उकरला?"

"बाईंच्या कोंबड्यांनी," बुवा बोलून गेले.

शेजारच्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. चार कोंबड्या हेच त्यांचं गणगोत. वहिनी त्यांना काही लागट बोलल्या नाहीत, नुसत्या वाफ्यापाशी बसून रडल्या. बाईंनी कुंपणापलीकडून पाहिलं, कारण विचारलं आणि दुसऱ्याच दिवशी कोंबड्या देऊन टाकल्या. ते रिकामं खुराडं बुवांच्या मशीनसमोरच्या खिडकीतून सरळ दिसायचं. बुवांनी मशीन दुसऱ्या भिंतीला हलवलं.

तरी मन खायचंच. शेवटी त्या वर्षीचं सगळं खत त्यांनी घमेली भरभरून बाईंच्या अंगणात, भिंतीलगतच्या सावलीत नेऊन टाकलं.

"माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं, आणि वर तुम्ही मलाच खत देता?" बाई म्हणाल्या.

बुवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगायचं सोडून ते रिकामं घमेलं उचलून घरी आले.

पाच वर्षं गेली. एका सकाळी बाईंनी कुंपणावरून वहिनींना हाक मारली. बुवाही मागोमाग गेले. भिंतीलगत तीन लिली फुलल्या होत्या, गुलाबी, ठिपक्यांच्या, माना खाली घातलेल्या. त्या खणून घरी न्यायला बुवा आल्या पावली खुरपं आणायला पळाले.

"मी काही लावलं नव्हतं हो," बाई वहिनींना सांगत होत्या. "माझ्या कोंबड्यांनीच उकरून इकडे आणलं असणार. तुमच्या यजमानांची आठवण ती, घेऊन जा. माझ्याही मनावरचं ओझं उतरेल."

खुरपं घेऊन परतलेल्या बुवांनी हे ऐकलं. न केलेल्या गुन्ह्याचं ओझं ही बाई पाच वर्षं वाहत होती.

"कोंबड्या वाफ्यात आल्याच नव्हत्या," ते म्हणाले. "गवत समजून मीच ती रोपं उपटली. कळल्यावरसुद्धा परत लावली नाहीत. माझ्या खतातून आलीत ती इकडे."

मग वहिनी बाईंकडे वळल्या.

"राहू द्या ती इथेच. मी येत जाईन बघायला. चालेल ना?"

बाईंनी मान हलवली. बुवांच्या हातात खुरपं तसंच राहिलं.

"मी काय करू, वहिनी?"

"खुराड्याची जाळी गंजलीय," वहिनी त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "ती बदला. आणि बाईंना विचारा, कोंबड्या परत हव्यात का. आधी विचारा, मग आणा."

बाई समोरच उभ्या होत्या. तरी एवढं विचारायला बुवांना वर बघवेना.